युनिक्सचा सातबारा: मालक कोण, कूळ कोण, खंड कोणाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड आज सहज हाती लागतो. तो कॉलेजात शिकवायला किंवा स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये घालायला चालेल का? परवानगी मागायची झाली तर कोणाकडे? कोणी म्हणतं मालक एससीओ, कोणी नॉव्हेल, कोणी ओपन ग्रुपचं नाव घेतं.

यातलं कुठलंच नाव पूर्ण चुकीचं नाही, म्हणून तर गोंधळ होतो. हा प्रश्न जमिनीच्या वादासारखा फोडून विचारावा लागतो. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारं कूळ दुसरं, खंड घेणारा तिसरा आणि बांधावरच्या पाटीवर चौथ्याचंच नाव, हे आपल्याकडे गावोगाव दिसतं. युनिक्सचंही तेच झालं. कोडवरचा कॉपीराइट, ‘युनिक्स’ या नावाचा ट्रेडमार्क, जुन्या ग्राहकांशी झालेले लायसन्सचे करार, त्या करारांची रॉयल्टी आणि युनिक्सच्या आधाराने इतरांनी लिहिलेला कोड, या पाच गोष्टी पाच वेगळ्या वाटांनी गेल्या. तुमच्या हातातली फाइल कुठल्या वाटेने आली हे कळल्याशिवाय ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ म्हणता येत नाही. म्हणून आधी फेरफार क्रमाने पाहू.

अमेरिकी सरकारने १९४९ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला होता. तो जानेवारी १९५६ मध्ये तडजोडीच्या हुकूमनाम्याने मिटला. कंपनीने टेलिफोनच्या व्यवसायाबाहेर पडायचं नाही आणि आपली पेटंटं मागेल त्याला लायसन्सवर द्यायची, असं ठरलं. १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या मरी हिल इथल्या बेल लॅब्स या कंपनीच्या संशोधन केंद्रात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर युनिक्स उभं केलं, तेव्हा हा हुकूमनामा लागू होता. जुलै १९७४ मध्ये दोघांचा लेख एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात छापून आला आणि विद्यापीठांकडून मागणी वाढली. वकिलांनी काढलेला मार्ग असा होता की सोर्सची टेप लायसन्सवर द्यायची, पण विक्रीचा माल म्हणून नाही. जाहिरात नाही, सपोर्ट नाही, बग दुरुस्तीची हमी नाही, पैसे आधी. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीला विद्यापीठांसाठी दर नाममात्र होता, कंपन्यांसाठी २०,००० डॉलर.

सपोर्ट नसल्यामुळे वापरणारे आपसात दुरुस्त्या वाटून घेऊ लागले. त्यासाठी सोर्स प्रत्येकाकडे असणं भागच होतं. पुढच्या सगळ्या गुंत्याची पहिली गाठ इथे पडली.

दुसरी गाठ कायद्याची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. एटी अँड टीने युनिक्स कॉपीराइटपेक्षा व्यापारी गुपित म्हणून जपायचं ठरवलं. लायसन्सवर सही करणाऱ्याने गुप्तता पाळायची. फाइलवर ‘कॉपीराइट’ असं छापलं तर आपण ती प्रसिद्ध केली असा अर्थ निघेल, म्हणून १९७० च्या दशकातल्या फाइलींवर ती ओळच नाही. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात प्रसिद्ध झालेल्या कृतीवर ही सूचना नसेल तर हक्क गमावण्याची वेळ येत असे. सूचनेची सक्ती १ मार्च १९८९ ला, बर्न करार तिथे लागू झाल्यावर संपली. जी टेप शेकडो ठिकाणी पाठवली तिला अप्रसिद्ध गुपित म्हणायचं की प्रसिद्ध झालेली कृती, हा प्रश्न पुढे कोर्टात कंपनीला जड गेला.

गुपित सांभाळायच्या याच धोरणातून १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या लायसन्सने वर्गात कोड शिकवायला मनाई केली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, ओळीओळीने लिहिलेलं भाष्य मग अनेक वर्षं फोटोकॉपीने फिरलं. ते उघडपणे छापलं गेलं ते १९९६ मध्ये. अँड्र्यू टॅननबॉम यांना शिकवण्यासाठी मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम स्वतः लिहावी लागली तीही या मनाईमुळेच.

आता बर्कलीची शाखा. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे एटी अँड टीचं लायसन्स होतं. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बीएसडी (बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन) नावाने भर पडत गेली: व्हर्च्युअल मेमरी, नवी फाइल सिस्टिम, १९८३ च्या ४.२ बीएसडीत टीसीपी/आयपी हे इंटरनेटचं नेटवर्किंग. पण बीएसडीची टेप घ्यायची तर आधी एटी अँड टीचं सोर्स लायसन्स दाखवावं लागे. १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचं विभाजन झालं, १९५६ च्या हुकूमनाम्याची अट उठली, कंपनी सिस्टिम फाइव्ह ही आपली व्यापारी युनिक्स आवृत्ती उघडपणे विकू लागली आणि सोर्स लायसन्सचे दर चढत गेले. ज्यांना फक्त नेटवर्किंगचा भाग हवा होता ते विचारू लागले की जे बर्कलीने स्वतः लिहिलंय तेवढंच द्या. त्यातून जून १९८९ मध्ये नेटवर्किंग रिलीज १ आलं. टेपचे १,००० डॉलर, पण पुढे वाटायची पूर्ण मोकळीक.

मग कीथ बॉस्टिक यांनी बाकीच्या युटिलिटी, म्हणजे सिस्टिमसोबतचे छोटे प्रोग्राम, नव्याने लिहून घ्यायचं काम हाती घेतलं. चारशेहून अधिक स्वयंसेवकांनी केवळ मॅन्युअलमधलं वर्णन वाचून, मूळ कोड न पाहता त्या लिहिल्या. कर्नलमधली प्रत्येक फाइल तपासली गेली आणि शेवटी सहा फाइली अशा उरल्या ज्यांतला एटी अँड टीचा अंश सहज काढता येईना. त्या सहा वगळून जून १९९१ मध्ये नेटवर्किंग रिलीज २ निघालं. बिल जोलिट्झ यांनी त्या जागी नव्या फाइली लिहून पीसीवर चालणारं ३८६/बीएसडी उभं केलं. बीएसडीआय नावाच्या कंपनीने त्याच पायावरची सिस्टिम सोर्ससह ९९५ डॉलरला विकायला काढली आणि जाहिरातीतल्या फोन नंबरच्या अक्षरांत ‘इट्स युनिक्स’ असं आणलं. नावाचा हा वापर टाळता आला असता. तक्रारीला तिथूनच तोंड फुटलं.

तोवर युनिक्सचा कारभार एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीकडे गेला होता. तिने १९९२ मध्ये बीएसडीआयवर दावा लावला, नंतर विद्यापीठालाही त्यात ओढलं. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश डिकिन्सन डेबेव्होइस यांनी मार्च १९९३ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम नाकारला. त्यांच्या मते बर्कलीचा पाया असलेल्या ३२व्ही या, व्हॅक्स संगणकांसाठीच्या, युनिक्स आवृत्तीवर कॉपीराइट टिकेल असं कंपनीला दाखवता आलं नाही. त्या न छापलेल्या सूचनेने इथे घात केला. दुसरीकडे विद्यापीठाने कॅलिफोर्नियात उलट दावा लावला: आमचा कोड सिस्टिम फाइव्हमध्ये घेतलात, पण आमच्या लायसन्सप्रमाणे श्रेय दिलं नाहीत. म्हणजे बांध दोन्ही बाजूंनी कोरला गेला होता.

जून १९९३ मध्ये नॉव्हेलने ही उपकंपनी विकत घेतली आणि १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढल्या, काहींत किरकोळ बदल झाले आणि जवळपास ७० फाइलींवर युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजची कॉपीराइट सूचना घालायचं ठरलं. या तडजोडीतून जून १९९४ मध्ये ४.४ बीएसडी-लाइट आलं, पुढच्या वर्षी लाइट २. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या दोन खुल्या प्रकल्पांनाही नेटवर्किंग रिलीज २ चा पाया सोडून लाइटवर यावं लागलं. फ्रीबीएसडीत हा बदल २.० मध्ये झाला, नेटबीएसडीत १.० मध्ये. तडजोडीच्या अटी २००४ पर्यंत गोपनीय होत्या. त्या काळात दोन्हीकडच्या अफवांना ऊत आला तो त्यामुळेच.

यातून कामाचं एवढं निघतं. बीएसडीचा कोड घ्यायचा असेल तर तो ४.४ बीएसडी-लाइट किंवा त्यानंतरच्या झाडातून घ्या. जुनी नेटवर्किंग रिलीज २ किंवा ३८६/बीएसडीची टेप हाती लागली तर ती वाचायला ठेवा, त्यातून उचलू नका. लाइटमध्ये त्या नावाची फाइल नसेल तर ती का काढली गेली ते आधी शोधा. आणि त्या सत्तरएक फाइलींच्या वर विद्यापीठाच्या ओळीखाली एक परिच्छेद दिसतो: या फाइलीचा काही भाग एटी अँड टी किंवा युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने विद्यापीठाला लायसन्सवर दिलेल्या मजकुरावरून आला आहे आणि तो परवानगीने छापला आहे. साफसफाई म्हणून अनेकजण हा परिच्छेद उडवतात. असं कधीही करू नका. त्या फाइलीच्या वापराची परवानगी दाखवणारा तोच कागद आहे.

बीएसडी लायसन्समधलं जाहिरातीचं कलम वेगळं. प्रॉडक्टच्या जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करण्याची ही सक्ती २२ जुलै १९९९ ला विद्यापीठाने रद्द केली. पण ती माफी विद्यापीठाच्या स्वतःच्या कोडपुरती आहे. तेच कलम नाव बदलून दुसऱ्या कोणी आपल्या फाइलीवर लावलं असेल तर त्याच्यासाठी ते आजही लागू आहे.

आता सर्वांत गुंतागुंतीचा फेरफार. नॉव्हेलने ‘युनिक्स’ हा ट्रेडमार्क एक्स/ओपन या संस्थेकडे दिला. १९९६ मध्ये एक्स/ओपन आणि ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन एकत्र येऊन ओपन ग्रुप झाला. म्हणजे पाटीवरचं नाव ओपन ग्रुपचं, पण जमिनीशी त्याचा संबंध नाही. कोडची एकही ओळ त्यांची नसली तरी आपल्या सिस्टिमला ‘युनिक्स’ म्हणून विकायचं असेल तर त्यांच्या चाचण्या पार करून, फी भरून नोंदणी करावी लागते. अ‍ॅपलने २००७ मध्ये मॅकची १०.५ ही आवृत्ती अशी नोंदवून घेतली. तुमच्या प्रॉडक्टच्या माहितीपत्रकात ‘युनिक्ससारखी’ लिहा, ‘युनिक्स’ लिहू नका.

१९ सप्टेंबर १९९५ ला नॉव्हेलने युनिक्सचा व्यवसाय सँटा क्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकण्याचा करार केला. हीच मूळ एससीओ, झेनिक्स या पीसीवरच्या युनिक्सवर वाढलेली. आपल्याकडे कोअर बँकिंग येण्याआधी अनेक बँकांच्या शाखांत जे एससीओ युनिक्स चालायचं ते हिचंच. तिच्याकडे पूर्ण किंमत मोजण्याइतका पैसा नव्हता, म्हणून मोबदला मुख्यतः शेअर्समध्ये ठरला आणि उरलेल्याच्या बदल्यात जुन्या सिस्टिम फाइव्ह लायसन्सची रॉयल्टी नॉव्हेलने स्वतःकडे ठेवली. एससीओने वसुली करायची, शंभर टक्के नॉव्हेलकडे भरायची आणि त्यातून पाच टक्के अडत घ्यायची. शिवाय कलम ४.१६ प्रमाणे त्या जुन्या करारांत बदल करायला नॉव्हेलची संमती हवी आणि एससीओने एखाद्या जुन्या ग्राहकाविरुद्ध हक्क सांगितला तर तो सोडून द्यायला लावण्याचा अधिकार नॉव्हेलचा. खरेदीखत झालं, पण खंड जुन्या मालकाचा आणि कुळाला अभय देण्याचा अधिकारही त्याचाच.

खरा घोळ परिशिष्टात आहे. विक्रीतून वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत ‘युनिक्स’ व ‘युनिक्सवेअर’ ही नावं सोडून सर्व कॉपीराइट आणि ट्रेडमार्क लिहिलेले होते. म्हणजे कॉपीराइट विकलेच नाहीत. ही चूक आहे असं मानून १६ ऑक्टोबर १९९६ ला दुसरी दुरुस्ती झाली: एससीओला मिळालेले हक्क बजावण्यासाठी जे कॉपीराइट ‘लागतील’ ते वगळलेल्या यादीतून बाहेर. पण कोणते लागतील? यादी नाही, नोंदणी क्रमांक नाहीत, आणि ‘याद्वारे हस्तांतरित करत आहोत’ असं वाक्यही नाही. अमेरिकी कायद्यात कॉपीराइटच्या हस्तांतरासाठी सही केलेला लेखी दस्त लागतो. वगळण्याची यादी बदलणं म्हणजे हस्तांतर करणं का, यावर पुढे सात वर्षं कोर्टात गेली. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या खरेदीत कॉपीराइटचं स्वतंत्र हस्तांतरपत्र, कृतींची नावं आणि नोंदणी क्रमांकांसह, सही करून घ्यायला हवं ते याचसाठी.

२००१ मध्ये सँटा क्रूझने आपला सर्व्हरचा व्यवसाय काल्डेरा या लिनक्स (युनिक्ससारखी, पण स्वतंत्रपणे लिहिलेली खुली सिस्टिम) विकणाऱ्या कंपनीला दिला आणि स्वतः टॅरंटेला नाव घेतलं. २००२ मध्ये काल्डेराने स्वतःला द एससीओ ग्रुप म्हणवून घेतलं. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. जुन्या एससीओने केलेल्या गोष्टी नव्या एससीओच्या खात्यावर मांडणारे लेख खूप सापडतात, ते वाचताना तारीख पाहायची.

मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुपने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. मागणी पुढे पाच अब्जांपर्यंत गेली. लिनक्स वापरणाऱ्या सुमारे १,५०० कंपन्यांना पत्रं गेली आणि लिनक्स चालवण्यासाठी प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचं लायसन्स देऊ केलं गेलं. लोकांना वाटलं की लिनक्समध्ये युनिक्सच्या ओळी जशाच्या तशा सापडल्या. मुख्य युक्तिवाद तो नव्हता. १९८५ च्या सोर्स लायसन्समध्ये एक कलम होतं: ग्राहकाने युनिक्समध्ये बदल करून जे तयार केलं तेही मूळ प्रॉडक्टसारखंच, म्हणजे गुप्त, मानायचं. त्यावरून एससीओचं म्हणणं असं की आयबीएमने आणि तिने विकत घेतलेल्या सीक्वेंटने आपल्या युनिक्समध्ये स्वतः लिहिलेला कोडही त्यांना लिनक्सला देता येणार नाही. यात आरसीयू हे मल्टिप्रोसेसरसाठीचं तंत्र आणि जेएफएस ही फाइल सिस्टिम आली. जेएफएस तर लिनक्समध्ये आली ती ओएस/२ या वेगळ्याच सिस्टिमवरच्या आवृत्तीतून.

या युक्तिवादाला उत्तर जुन्या कागदांतच होतं. फेब्रुवारी १९८५ च्या पुरवणी पत्रात एटी अँड टीने आयबीएमला लिहून दिलं होतं की तुम्ही लिहिलेला भाग तुमचा. त्याच वर्षी आपल्या लायसन्सधारकांसाठीच्या वार्तापत्रातही कंपनीने हाच खुलासा सर्वांसाठी केला होता. १९९६ मध्ये आयबीएमने सुमारे एक कोटी डॉलर देऊन कायमचे, रद्द न होणारे हक्कही घेतले होते. शिवाय नॉव्हेलने कलम ४.१६ वापरून एससीओचा आयबीएमविरुद्धचा हक्क सोडून दिल्याचं कळवलं आणि कॉपीराइट आमचेच आहेत असंही जाहीर केलं. त्यावर जानेवारी २००४ मध्ये एससीओने नॉव्हेलवरच दावा लावला. त्यात भर म्हणजे एससीओ स्वतः अनेक वर्षं लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त लायसन्सखाली वाटत होती.

१० ऑगस्ट २००७ ला युटामधले न्यायाधीश डेल किंबॉल यांनी कॉपीराइट नॉव्हेलचे असल्याचा निर्णय दिला. पुढच्याच महिन्यात एससीओ दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. २००९ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ ज्युरीने ठरवावा. ३० मार्च २०१० ला ज्युरीने सांगितलं की कॉपीराइट एससीओकडे गेलेच नाहीत. २०११ मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं आणि नॉव्हेलचा हक्क सोडून देण्याचा अधिकारही मान्य केला. आयबीएमविरुद्धचा खटला मात्र २०२१ पर्यंत रेंगाळला आणि १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

यातला एक उपनिकाल कमी लोकांना माहीत आहे, पण व्यवहारात तो मोलाचा आहे. सोलारिस हे युनिक्स विकणाऱ्या सन कंपनीने १९९४ मध्ये नॉव्हेलला मोठी रक्कम देऊन रॉयल्टीतून सुटका करून घेतली होती, पण सोर्स गुप्त ठेवायची अट राहिली होती. २००३ मध्ये एससीओने सनशी नवा करार करून ती अट सैल केली. त्यानंतर २००५ मध्ये सनने सीडीडीएल या खुल्या लायसन्सखाली ओपनसोलारिस नावाने सोलारिसचा सोर्स खुला केला. कोर्टाने २००८ मध्ये ठरवलं की जुन्या करारात असा बदल करण्याचा अधिकार एससीओला नव्हता, आणि त्या पैशांतले २५ लाख ४७ हजार ८१७ डॉलर नॉव्हेलला द्यायला लावले. सन त्या खटल्यात पक्षकार नव्हती, आणि ओपनसोलारिसला त्यातून धक्का लागला नाही. ओरॅकलने २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवल्यावर इलुमॉस हा खुला प्रकल्प त्याच कोडवर पुढे चालला. सिस्टिम फाइव्हच्या वंशातला उघडपणे वाचता आणि वापरता येईल असा कोड हवा असेल तर मी इलुमॉसकडेच बोट दाखवेन. प्रत्येक फाइलीवरचं सीडीडीएल शाबूत ठेवा आणि तो जीपीएलच्या प्रोग्रामात मिसळू नका.

आता आजचा उतारा. नॉव्हेल २०११ मध्ये अ‍ॅटॅचमेटकडे गेली, २०१४ मध्ये ती मायक्रो फोकसमध्ये आली आणि २०२३ मध्ये मायक्रो फोकस ओपनटेक्स्टने घेतली. सिस्टिम फाइव्हवरचे जे कॉपीराइट एससीओकडे गेले नाहीत ते या साखळीने चालत आलेले आहेत. एससीओ ग्रुपचा प्रॉडक्टचा व्यवसाय, म्हणजे ओपनसर्व्हर आणि युनिक्सवेअर, २०११ मध्ये अनएक्सिसने घेतला, तिचंच नाव आता झिनुओस. त्यामुळे एखाद्या बँकेला जुनं ओपनसर्व्हर व्हर्च्युअल मशिनवर हलवून जुना लेजरचा डेटा वाचायचा असेल तर तो प्रश्न झिनुओसच्या लायसन्सचा आहे, सोर्सच्या कॉपीराइटचा नाही. सीरियल नंबर, अ‍ॅक्टिव्हेशन की आणि लायसन्सचा छापील दाखला हे तीनही कागद हार्ड डिस्कइतकेच जपायला हवेत. इन्स्टॉल नव्याने करायची वेळ आली आणि की सापडली नाही तर काम तिथेच अडतं.

आणि प्राचीन युनिक्स? २३ जानेवारी २००२ च्या पत्राने काल्डेराने १६ बिटच्या पहिल्या ते सातव्या आवृत्त्या आणि ३२व्ही जुन्या, चार कलमांच्या बीएसडी धर्तीच्या लायसन्सखाली मोकळ्या केल्या. सिस्टिम फाइव्ह आणि तिच्या आधीची सिस्टिम थ्री त्यातून स्पष्टपणे वगळल्या. पीडब्ल्यूबी या बेल लॅब्समधल्याच दुसऱ्या आवृत्तीचं नाव यादीत नाही. यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे जाहिरातीचं कलम इथे काल्डेराच्या नावाने आहे, म्हणून १९९९ ची विद्यापीठाची माफी याला लागू होत नाही आणि जीपीएलशी हे जुळत नाही. दुसरी अधिक खोल: २०१० च्या निकालाप्रमाणे कॉपीराइट काल्डेराच्या पूर्वसुरींकडे आलेच नव्हते, तर तिने ते मोकळे कसे केले? काटेकोर वाचलं तर ही शंका खरी आहे. तरी माझं मत असं की अभ्यास, शिकवणं आणि एम्युलेटरवर चालवणं यासाठी हा कोड निर्धास्त वापरावा. नॉव्हेलने त्या पत्राला आव्हान दिलं नाही, आणि ३२व्हीचा अमेरिकेतला कॉपीराइट किती दुबळा आहे ते १९९३ मध्येच दिसलं. विक्रीच्या प्रॉडक्टमध्ये मात्र तोच भाग बीएसडी-लाइटमधून घेता येत असेल तर तिथून घ्या. सातव्या आवृत्तीतली बहुतेक युटिलिटी तिथे नव्याने लिहिलेली मिळते.

आठवी, नववी आणि दहावी रिसर्च आवृत्ती यांचं वेगळंच आहे. २०१७ मध्ये, बेल लॅब्सचा वारसा जिच्याकडे गेला त्या अल्काटेल-ल्युसंटने, नोकिया बेल लॅब्सच्याही वतीने, सांगितलं की व्यापारी नसलेल्या वापराविरुद्ध आम्ही आमचे कॉपीराइट बजावणार नाही. हे आश्वासन आहे, लायसन्स नाही, आणि ते त्यांच्या स्वतःच्या हक्कांपुरतंच आहे. वाचा, चालवा, पण विकायच्या मालात घालू नका.

हातात नुसती फाइल असेल आणि कुळवृत्तांत माहीत नसेल तर असं पाहा. आधी व्हॉट कमांड चालवा किंवा ‘@(#)’ ही चार चिन्हं ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधा. त्यापुढे एससीसीएस या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या साधनाने ठेवलेला आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. मग वरचा मजकूर वाचा. ‘हा एटी अँड टीचा अप्रसिद्ध, खासगी सोर्स कोड आहे’ अशा अर्थाचं मोठ्या अक्षरांतलं वाक्य आणि सूचना असली तरी ती प्रसिद्धीचा पुरावा नाही, असा खुलासा दिसला तर ती सिस्टिम फाइव्हच्या घरची आहे. बाजूला ठेवा. वर काहीच नसेल तर सातव्या आवृत्तीच्या आणि ३२व्हीच्या झाडाशी डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून पाहा. तारीख १९७९ नंतरची आणि विद्यापीठाचं नाव नाही, अशी फाइल सिस्टिम थ्रीची असण्याची शक्यता मोठी, आणि तिला २००२ च्या पत्राचं छत्र नाही. एकाच फाइलीवर दोन-तीन मालकांच्या सूचना असतील तर सर्व ठेवा आणि त्यांतली सर्वांत कडक अट पाळा. शेवटी डिफचा निकाल, कुठल्या झाडाशी तुलना केली ते आणि लायसन्सचं पूर्ण पत्र हे तीनही सोर्ससोबत त्याच रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला हाच शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.